सतरा नंबरची बाटली

"चोर पकडून द्या असं मी म्हणत नाही," खंडेराव बोरस्ते म्हणाले. "त्यानं जे नेलंय ते त्याच्या पोटात जायच्या आत काढून घ्या, एवढंच."

अशिलानं आल्याआल्या चोराचीच काळजी करावी, हे निवृत्तीमामांना नवीन होतं. हवालदारकीत उभी हयात गेली, तिथे येणारा प्रत्येक जण चोराचे हातपाय मोडायचीच भाषा करायचा. नोकरी संपल्यावर मामा नूरबानो कोकणीकडे लागले. जुन्या नाशकात, दूध बाजाराजवळच्या एका अत्तराच्या दुकानाच्या माडीवर तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. दोन टेबलं, कोपऱ्यात एक बेसिन आणि मामांनी दसऱ्याला दाराला बांधलेली, आता सुकून गेलेली झेंडूची माळ. ती माळ बानोनं काढली नव्हती आणि मामांना काढवत नव्हती.

खंडेराव सत्तरीच्या पुढचे. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा पट्टा. बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी खिशातून लाल कापडाचा बटवा काढला, चिमूटभर भंडारा कपाळाला लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला.

"आमचं कुलदैवत खंडोबा. महत्त्वाचं काही बोलायचं तर आधी भंडारा, ही घरची रीत. घ्या."

मामांनी भक्तिभावानं घेतला. कपाळाला लावला, उरलेला तोंडात टाकला. चांगलाच कडू लागला. बानोनं तळहात पुढे केला, मान लववली आणि चिमूट तशीच मुठीत ठेवली. चहा आला तेव्हा ती उठली आणि बेसिनशी जाऊन साबणानं हात धुऊन आली. पांढऱ्या बेसिनमध्ये पिवळा ओघळ उतरला.

"काल मी तुम्हाला फोन केला होता," खंडेराव म्हणाले.

फोन त्याच दिवशी सकाळी आला होता आणि तो मामांनीच घेतला होता. माणूस काळजीत असला की एवढं व्हायचंच, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत खंडेरावांची छोटीशी प्रयोगशाळा होती. रसायनशास्त्राची प्राध्यापकी संपवून, जमीन विकून त्यांनी ती उभी केली होती.

"माझी बायको शेवटी शेवटी मलाच विचारायची, तुम्ही कुणाकडचे? त्यासाठी हा सगळा खटाटोप," ते म्हणाले. "मेंदूतल्या पेशींनी तग धरावा म्हणून शरीर स्वतःच एक प्रथिन बनवतं. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी कुलूप असतं म्हणा. प्रथिन आलं, कुलूप उघडलं, की पेशीला आत निरोप जातो, जगत राहा. विसरण्याच्या आजारात हे प्रथिन कमी पडतं. बाहेरून द्यावं तर ते इतकं मोठं, की रक्तातून मेंदूत शिरतच नाही. म्हणून आम्ही एक लहानसा रेणू बनवला. तो मेंदूत शिरतो आणि तेच कुलूप उघडतो. सोळा वेळा फसलो, सतराव्याला जमलं. म्हणून त्याचं नावच सतरा. पिवळी भुकटी आहे."

"मग कुणी खाल्ली तर बिघडलं कुठं?" मामांनी विचारलं.

"उंदरांना जास्त दिली तर झटके येतात, हवालदारसाहेब. मेंदू गरजेपेक्षा जास्त पेटतो. माणसाला जास्त म्हणजे किती, ते कुणालाच माहीत नाही. माणसाला आम्ही ती अजून दिलेलीच नाही."

एवढं बोलून त्यांनी कप उचलला आणि हात असा काही उडाला, की निम्मा चहा बशीत गेला. "म्हातारपण," ते ओशाळून म्हणाले.

पुढची हकिगत थोडक्यात होती. दसऱ्यानंतर पुण्याहून पैसे देणारी मंडळी प्रयोग बघायला आली. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी उपाशी ठेवल्या. सतरा दिलेल्या जगायला हव्या होत्या, पण सगळ्याच मेल्या. मग बाटलीतली भुकटी मशीनवर तपासली, तर ती सतरा नव्हतीच.

"सुट्टीत लॅबमध्ये कोण होतं?" बानोनं विचारलं.

"खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. मग दसरा होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. यंदा माझा गुडघा धरला होता, मी गेलोच नाही. पूजा हिरामणनं केली. आमचा जुना माणूस आहे." खंडेरावांनी बटव्याची दोरी ओढून घट्ट केली. "बाई, मला रात्रीची झोप नाही. कुणीतरी ते खात असेल आणि दोष माझा असेल."

दोष तुमचा कसा, हे विचारायचं मामांच्या ओठांवर आलं होतं. बानोनं नजरेनंच त्यांना थांबवलं.

*

प्रयोगशाळेत सतरा बनवणारी निकिता देवरे भेटली. मूळची नामपूरची, तिशीची, बोलायला तडक.

"हैदराबादच्या एका कंपनीनं मला बोलावलंय, हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. म्हणून आधीच सांगते," ती म्हणाली. "पण मला बाटली चोरायची काय गरज? सतरा कशी बनवायची ते माझ्या डोक्यात आहे. विकायची तर डोकं घेऊन गेले असते."

"बाटली ठेवायच्या थंड कपाटाची चावी?"

"एक सरांकडे. दुसरी माझी, पण सुट्टीत ती इथंच खिळ्याला असते. आणि सुट्टीत मी नामपूरला होते. आमच्याकडे कांद्याची लागवड चालू होती, गावातल्या कुणालाही विचारा."

मग मुबीन आला. पेशी सांभाळायचं काम त्याचं. मालेगावचा पोरगेला तरुण, डोळे रडून सुजलेले. पेशी मेल्या तेव्हा त्यानं जेवण सोडलं होतं, आणि घरी त्याची अम्मी आजारी असते, असं निकितानं आधीच सांगून ठेवलं होतं.

"तुमच्या अम्मीची तब्येत कशी आहे?" बानोनं विचारलं.

मुबीन चपापला. "कुणी सांगितलं? हां, विसरते ती. एकदा मी निकितामॅडमना म्हणालो होतो, सतरा कधी मिळेल अम्मीला. पण बानोआपा, उंदरांना झटके आले तेव्हा त्यांना हातात धरून मी बसलो होतो. ते बघितल्यावर अम्मीच्या तोंडात कसं घालीन? सुट्टीभर मी मालेगावलाच होतो."

"बाटली तुम्हीच उघडलीत ना सुट्टीनंतर? काही वेगळं वाटलं?"

"वाटलं," तो मान खाली घालून म्हणाला. "सुट्टीआधी ती अर्धी होती. नंतर बघतो तर काठोकाठ भरलेली. मला वाटलं मॅडमनी नवीन बनवून वरून भरली. ती नीट विरघळेना, खाली गाळ राहायचा. तरी मी विचारलं नाही. पाहुणे दारात आले होते. माझी चूक झाली."

"मी नवीन बनवली असती तर नव्या बाटलीत भरली असती, जुन्यात वरून ओतली नसती," निकिता म्हणाली.

बानोनं बाटलीचं झाकण काढून वास घेतला आणि ती मामांच्या नाकाशी धरली. मामांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"हळद."

निकितानं कपाळाला हात लावला. "आम्ही तोंडाला मास्क लावून काम करतो. आणि मशीननं सतरा नाही म्हटल्यावर माझं डोकंच चालेना."

"खात्री करून घेऊ. एक गाळणकागद द्या आणि धुण्याच्या साबणाचं पाणी."

कागदावर भुकटी टाकून वर साबणाचं पाणी सोडलं, तसा पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. मामांना हसू आलं. आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लागला की असाच लाल होतो, आणि त्यावरून घरी त्यांनी मुबलक बोलणी खाल्ली होती.

आणि मग मामांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. हळद, पूजा, खिळ्याला चावी आणि लॅबमध्ये एकटा माणूस. खिडकीखाली पूजेचं ताट अजून होतं, त्यात हळदीकुंकवाची फोडलेली पाकिटं. बानो आतल्या खोलीतल्या वजनकाट्याकडे गेली होती. काट्याच्या काचेवर कुंकवाचा टिळा होता आणि त्याखाली पाच बोटांचे पिवळे पट्टे. पूजेच्या खुणा आपोआप जाईपर्यंत पुसायच्या नाहीत, असा तिथला दंडक होता. ती ते पट्टे बघत बसली आणि मामा तडक हिरामणला शोधायला मागच्या आवारात गेले. आपण बानोताईंच्या आधी पोचलो, ही हवा डोक्यात गेली होती.

हिरामण गावित सुरगाण्याकडचा. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक. आवारातल्या खोलीत राहायचा. साफसफाई, पाणी, कुलपं, सगळं त्याच्याकडे. मामांनी त्याला हाताला धरून आत सगळ्यांसमोर आणलं.

"खंडेनवमीला इथं कोण कोण होतं?"

"मी अन् सायेब."

"कोण साहेब?"

"खंडेरावसायेब. रिक्षानं आलं व्हतं. नारळ त्यांनीच फोडला. काट्याला भंडारा लावला, कपाट उघडून बाटल्यांना पन लावला. मंग माला म्हनलं, जा, चा घेऊन ये."

"साहेब तर म्हणतात ते आलेच नाहीत."

काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"तसं म्हनतात व्हय ते?" तो हळूच म्हणाला. "मंग ते म्हनतील तेच खरं."

"म्हणजे तू खोटं बोललास."

"सायेब खोटं नाय बोलत कधी."

मामांना एवढं पुरे होतं. चौकीतला जुना आवाज त्यांच्या गळ्यात परत आला. कुणाला विकलीस, कुणाला खायला घातलीस, पोलिसांत दिलं की सगळं आठवेल, असं बरंच काही ते बोलले. मुबीनला पाठवून हिरामणची पत्र्याची पेटी आणवली आणि टेबलावर उपडी केली. दोन सदरे, नागलीच्या पिठाची पुरचुंडी, बायकोसाठी घेतलेली नवी चोळी. आणखी काही नव्हतं. हिरामणनं एकेक वस्तू उचलून परत पेटीत ठेवली. मग कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला, टेबलावर ठेवला आणि पेटी उचलून कुणाकडे न बघता बाहेर गेला.

बानो वजनकाट्याकडून आली तेव्हा जुडगा टेबलावरच होता.

"मामा, काय केलंत?"

मामांनी अभिमानानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि टेबलाकडे बोट केलं. टेबलावर आता तीन गाळणकागद होते. पहिला, बाटलीतल्या भुकटीचा, लाल. दुसऱ्यावर काट्याचा पिवळा पट्टा ओल्या कापसानं टिपून घेतला होता, तोही लाल. तिसऱ्यावर ताटातल्या पाकिटातली हळद होती. साबणाच्या पाण्यात भिजूनही ती पिवळीच्या पिवळी.

"पाकिटावर काय लिहिलंय बघा," ती म्हणाली.

"फक्त पूजेसाठी, खाण्यास अयोग्य. मग?"

"मग निकिता, मुबीन, तुम्ही चला. मला खंडेरावांच्या घरी जायचंय. आणि लवकर."

*

इंदिरानगरच्या बंगल्यात खंडेरावांची मुलगी चैताली होती. सासर सिन्नरचं, पण आई गेल्यापासून ती निम्मा वेळ वडिलांकडेच असायची. तिनं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. खंडेराव आरामखुर्चीत होते. पाहुणे बसताच त्यांचा हात सवयीनं खिशातल्या बटव्याकडे गेला.

"तो बटवा जरा माझ्याकडे द्याल?" बानो म्हणाली. "माझं बोलून होईपर्यंत तरी."

त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी दिला. तो हातात आल्यावर बानोच्या खांद्यावरचा ताण उतरल्यासारखा मामांना वाटला.

"चैतालीताई, घरात भंडारा कुठून आणता?"

"आणत नाही. बाजारचा देवाला चालत नाही आमच्याकडे. हळकुंडं आणून गिरणीतून दळून आणतो. देवघरात डबा भरलेला असतो."

"त्यातला चमचाभर आणा. आणि साबणाचं पाणी."

चौथा कागद पिवळ्याचा लाल झाला. मामांना अजून पुरता अर्थ लागत नव्हता.

"चोरी लपवणारा माणूस काय करील?" बानो म्हणाली. "अर्ध्या बाटलीतलं नेलं तर अर्धीच भरून ठेवील. इथं बाटली काठोकाठ भरली होती. म्हणजे भरणाऱ्याला काही लपवायचं नव्हतं. मग भरली कशाला? शेजारच्यांचा डबा परत करताना आपण काय करतो, चैतालीताई?"

"रिकामा देत नाही. साखर तरी घालतो."

"तसंच झालं. कुणीतरी आपल्याला हवं ते घेतलं आणि भांडं रिकामं ठेवू नये म्हणून जवळची सगळ्यात पवित्र वस्तू त्यात भरली. मनात फसवणूक असती तर एवढी रीत सुचली नसती."

निकिता आणि मुबीन एकमेकांकडे बघायला लागले.

"यांच्यापैकी कुणी नाही," बानो म्हणाली. "निकिताला बाटलीची गरज नव्हती. मुबीनला गरज होती, पण झटके काय असतात ते त्यानं हातात धरून पाहिलं होतं. शिवाय त्यानंच सांगितलं की बाटली आधी अर्धी होती. त्यानं नेली असती तर हे बोललाच नसता. राहिला हिरामण. त्याच्याजवळची हळद कोणती? ताटातल्या पाकिटातली. ती रंगवलेली भुकटी आहे, साबणानं लाल होत नाही. बाटलीत मात्र खरी हळद. आणि वजनकाट्यावर पाच बोटांचे पट्टे होते, तेही खऱ्या हळदीचे. खंडेनवमीला हिरामणखेरीज आणखी एक माणूस लॅबमध्ये होता. घरचा भंडारा घेऊन आलेला. हिरामणनं तेच सांगितलं होतं, शब्दन् शब्द."

ती उपडी केलेली पेटी आणि ती नवी चोळी मामांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"पण बाबा गेलेच नव्हते," चैताली म्हणाली आणि लगेच थांबली. "म्हणजे, ते तसं म्हणाले. मी त्या दिवशी सिन्नरला होते."

"साहेब खोटं बोलत नाहीत, असंही हिरामण म्हणाला. तेही खरंच होतं. त्याला आधीच कळलं असावं, म्हणून तो गप्प बसला." बानोचा आवाज मऊ झाला. "सर, तुम्ही फोन काल केला म्हणालात. फोन आज सकाळचा होता. आज तुमच्या हातातून चहा सांडला. चैतालीताई, हात असे कधीपासून उडतात?"

चैतालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दसऱ्यापासून. आणि विसरणं वर्षभरापासून. एकदा आंघोळ करून पुन्हा न्हाणीघरात जातात. मला कळत होतं. मी कुणाला बोलले नाही. बोललं की खरं होईल असं वाटायचं."

बानोनं बटव्यातली चिमूट पाचव्या कागदावर टाकली आणि वर साबणाचं पाणी सोडलं. सगळे वाकून बघत राहिले. डाग पिवळा होता, पिवळाच राहिला.

"सकाळी हा भंडारा माझ्या हाताला लागला होता. मी साबणानं हात धुतला आणि बेसिनमध्ये ओघळ पिवळा गेला. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण तुमच्या लॅबच्या ताटातली हळद बघेपर्यंत आलं नाही. या घरात खोटी हळद येत नाही. मग लाल न होणारं हे पिवळं काय आहे?"

निकितानं कागद उचलून उजेडात धरला. "सतरा," ती म्हणाली. "मशीनवर बघावं लागेल, पण सतराच आहे. सर, तुम्ही रोज सकाळी..."

"रोज सकाळी, आणि महत्त्वाचं काही बोलायच्या आधी," बानो म्हणाली. "खंडेनवमीला बटव्यातला भंडारा बाटलीत गेला आणि बाटलीतली सतरा बटव्यात आली. मग घेतल्याचं विसरून गेलं, जिभेवर चिमूट ठेवायची सवय तेवढी राहिली. ज्याच्या पोटात जाऊ नये म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, तो माणूस तुम्ही आहात."

मामांची जीभ आपोआप टाळूला लागली. सकाळची कडू चव आठवली. "आणि मी?" ते पुटपुटले.

"तुम्हीही डॉक्टरांकडे चला. एका चिमटीनं काही होणार नाही, पण चला."

खंडेराव खुर्चीत सावरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मामांना अपेक्षित असलेला धक्का नव्हता. बराच वेळ हरवलेली वस्तू सापडली, आणि ती सापडायला नको होती, असं काहीसं दिसत होतं.

"मला एक चित्र दिसायचं," ते म्हणाले. "कपाट उघडं, अंगावर थंड हवा, बटवा हातात. आणि मनात एकच, की मला चैतालीच्या आईसारखं व्हायचं नाही. त्याच्या पुढचं काही नाही. मी म्हणायचो, स्वप्न असेल, मी तर गेलोच नव्हतो. पण त्या दिवसापासून छातीवर ओझं होतं. काहीतरी वाईट केलंय, एवढं पक्कं. काय केलंय ते सापडेना. पेशी मेल्या तेव्हा ते ओझं वाढलं. म्हणून तुमच्याकडे आलो, बाई. मनात म्हणत होतो, दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघू दे."

मुबीन त्यांच्या पायाशी खाली बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या अम्मीच्या आधी मी रांगेत घुसलो, पोरा."

"बाबा, काही नका बोलू," चैताली डॉक्टरांना फोन लावत म्हणाली. फोन ठेवून तिनं सांगितलं, "ताबडतोब घेऊन या म्हणतायत. राहिलेली पूडही आणा म्हणाले."

"हिरामण कुठं आहे?" खंडेरावांनी विचारलं.

शेवटी मामांनाच बोलावं लागलं. मान वर न करता त्यांनी सगळं सांगितलं. आपण काय काय बोललो, पेटी कशी उपडी केली, चाव्या कशा टेबलावर आल्या.

"मी विचारलं नाही, मी ठरवूनच गेलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले, तुम्ही नाही म्हणालात. तो हो म्हणाला. मी तुमचं खरं धरलं."

"आम्ही निघालो तेव्हा पेटी घेऊन तो फाटकातून बाहेर पडत होता," मुबीन म्हणाला. "पेठ नाक्यावर जातो म्हणाला. सुरगाण्याची जीप धरायला."

खंडेराव उठले. चैताली आडवी आली. "आधी डॉक्टर, बाबा. हिरामणला उद्या बोलावून घेऊ."

"उद्या मला आठवणार आहे का?" त्यांनी विचारलं. "माफी मागायची ती आत्ताच मागितली पाहिजे. उद्या मी त्याला म्हणेन, कुठं होतास रे, पाणी भर."

चैताली बाजूला झाली.

*

गाडी बानो चालवत होती. पुढे चैताली, मागे मामा आणि खंडेराव. दवाखान्याच्या आधी पेठ नाका, असं ठरलं होतं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, एवढाच भरवसा.

गोदावरीवरचा पूल ओलांडताना खंडेराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा लागला, हात परत मांडीवर आला.

"आपण कुठं चाललोय?" त्यांनी विचारलं.

पुढच्या सीटवर चैतालीनं तोंडाला पदर लावला. बानोनं आरशातून मामांकडे पाहिलं.

मामांना एकदा वाटलं, फिरायला चाललोय म्हणावं. या माणसाला तेच दुःख पुन्हा कशाला द्यायचं. पण मग त्यांना हिरामण आठवला, चोळीची घडी मोडू न देता ती पेटीत ठेवणारा.

"हिरामणकडे चाललोय, सर. माफी मागायला."

"का? काय केलं मी?"

मामांनी पुन्हा सगळं सांगितलं. कपाट, बटवा, बाटली आणि पेटी. खंडेरावांचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखाच उतरला. नाका येईपर्यंत ते ओठातल्या ओठात तेच घोकत राहिले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

जीप उभी होती. टपावर पोती चढत होती. मागच्या बाकावर, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन हिरामण बसला होता. गाडीतून उतरणारे साहेब दिसताच तो धडपडत खाली आला.

"सायेब, तुम्ही कशाला आलं उनाचं? तब्येत बरी नाय तुमची."

खंडेराव त्याच्यासमोर उभे राहिले. घोकलेलं सगळं वाटेतच सांडलं होतं. ते गोंधळून मामांकडे वळले आणि तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कशासाठी ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण ते थांबत नव्हतं.

हिरामणनं पेटी खाली ठेवली आणि त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, सायेब. माला म्हाईत व्हतं. त्या दिवशी चा घेऊन आलो, तं तुम्ही माला नाव इचारलं."

मामा पुढे झाले. आयुष्यात कुणाला हात जोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी जोडले.

"यांचं राहिलं ते मी बोलतो, हिरामणभाऊ. आणि माझं वेगळं. यांना आठवत नाही. मला सगळं आठवतंय, आणि ते माझ्याजवळच राहणार आहे."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. हिरामणनं पेटी उचलून मामांच्या हातात दिली.

"धरा," तो म्हणाला. "उपडी केली व्हती तुम्ही. आता गाडीपतूर न्या."

एका हातानं साहेबांना धरून तो बानोच्या गाडीकडे चालायला लागला. मामा पेटी छातीशी धरून त्यांच्या मागून गेले.